चढणीवर वणव्याशी शर्यत

वणवा विझवायला विमानातून उड्या मारणारी एक तुकडी अमेरिकेच्या वन खात्याकडे आहे. तिच्यातल्या जवानांना स्मोकजंपर म्हणतात. डोंगरात कुठेतरी वीज पडते, एखादं झाड धुमसत राहतं. वाट नसलेल्या त्या रानात पायी पोचेपर्यंत त्याचा वणवा झालेला असतो. मग माणसं वरूनच उतरवली तर? १९३९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या विन्थ्रॉपला चाचणीच्या उड्या झाल्या. १२ जुलै १९४० रोजी रुफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली आयडाहोच्या जंगलात पहिल्यांदा खऱ्या आगीवर उतरले. १९४५ मध्ये ५५५ व्या पॅराशूट बटालियनच्या कृष्णवर्णीय सैनिकांनीही हेच काम केलं. त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या तुकडीचा इतिहास दोन भागांत विभागला गेला तो ५ ऑगस्ट १९४९ रोजी. मोंटानात हेलेना शहराच्या उत्तरेला मॅन गल्च नावाची घळ आहे, मिसुरी नदीला जाऊन मिळणारी. तिथे १५ जण उतरले. रेडिओचं पॅराशूट उघडलं नाही आणि तो फुटून गेला. आधीपासून आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग घळीच्या पलीकडच्या बाजूला, झाडीत होती. तुकडीचा प्रमुख वॅगनर डॉज सगळ्यांना घेऊन नदीच्या दिशेने निघाला, कारण पाणी पाठीशी असलं की सुटकेची वाट राहते. पण वाऱ्याने निखारे उडाले आणि आग खालच्या अंगाला घळ ओलांडून अलीकडे आली. नदीची वाट बंद झाली. माणसं मागे वळली आणि चढणीला लागली.

आता आग गवतात होती. जाड ओंडका तापायला वेळ लागतो. वाळलेली काडी क्षणात पेट घेते आणि क्षणात संपते, त्यामुळे गवतातली आग झाडीतल्या आगीपेक्षा कितीतरी वेगाने सरकते. त्यात चढण. उतारावर ज्वाळा वरच्या गवतावर झुकतात आणि गरम हवा त्याच अंगाने वर चढते, म्हणून पुढचं गवत आग पोचण्याआधीच तापून तयार असतं. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. माणसाचं उलट: चढ वाढला की पाय जड होतात.

आग अगदी मागे आली तेव्हा डॉज थांबला आणि काडी ओढून त्याने समोरचंच गवत पेटवलं. ते जळून गेलं की मागून येणाऱ्या आगीला तिथे खायला काही उरणार नव्हतं. त्याने ओरडून सगळ्यांना त्या काळ्या राखेत बोलावलं. कुणी आलं नाही. त्यांना दोष देता येत नाही. पाठीशी ज्वाळा असताना प्रमुखच आग लावतोय, हे कुणाला पटेल? डॉज तोंडावर ओला रुमाल धरून राखेत पालथा पडला आणि वणवा त्याच्या आजूबाजूने निघून गेला. आणखी दोघं कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले. १३ जणांचा जीव गेला.

हॅरी गिसबोर्न हे वणव्याचे अभ्यासक त्याच नोव्हेंबरमध्ये घळीची पाहणी करायला गेले आणि तिथेच हृदयविकाराने वारले. १९६० मध्ये मोंटानातल्याच मिझूला शहरात वणव्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये आग किती वेगाने पसरेल याचं गणित मांडलं: गवताची जात, त्यातला ओलावा, वारा, उतार. १९९३ मध्ये तेच गणित त्यांनी मॅन गल्चला लावलं. निष्कर्ष स्पष्ट होता: ती शर्यत माणसांना जिंकता येण्यासारखी नव्हतीच.

म्हणून आज कामाला हात घालण्यापूर्वी टेहळणीला कोण, निसटायची वाट कुठली, सुरक्षित जागा कुठे, हे आधी ठरवायचं असतं. तरीही ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर आग विझवणाऱ्या १४ जवानांचा जीव गेला, त्यांत तीन स्मोकजंपर होते. तिथेही आग खालून वर आली होती.