भरपूर रॅम असताना स्वॅप बंद करणे

रॅम वाढवली की स्वॅप बंद करून टाकायचा, ही लिनक्सवाल्यांची जुनी खोड. हिंजवडीत काम करणाऱ्या निम्म्या पोरांनी कधीतरी हे केलेलं असतं, ३२ जीबी आहे मग कशाला हवाय म्हणून. हिशोब सरळ वाटतो पण चुकतो, कारण स्वॅप म्हणजे गरिबाची रॅम नव्हे.

स्वॅप ही डिस्कवरची जागा, तिथं ऑपरेटिंग सिस्टिम सध्या न लागणारी मेमरीची पानं नेऊन ठेवते (आपल्या नेहमीच्या पीसीवर एक पान ४ केबीचं). लिनक्समध्ये त्यासाठी वेगळं पार्टिशन किंवा फाइल असते, विंडोजमध्ये पेजफाइल.

पेठेतल्या घरातला माळा आठवा. गणपतीचं मखर वर्षभर माळ्यावर असतं म्हणून खाली वावरायला जागा राहते. रॅममध्येही दोन प्रकारचा माल असतो, एक फायलींमधून वाचलेला, म्हणजे प्रोग्रामचा कोड वगैरे, तो टाकून दिला तरी डिस्कवरून परत आणता येतो, आणि दुसरा प्रोग्रामनं चालता चालता तयार केलेला डेटा, त्याची कॉपी कुठंच नसते. स्वॅप नसला तर हा दुसरा माल हलवताच येत नाही, सकाळी उघडून विसरलेला का असेना. मग मेमरी कमी पडली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फायलींचीच पानं टाकत सुटतो, त्यात चालू प्रोग्रामचा कोडही जातो, लगेच परत वाचावा लागतो, परत जातो. म्हणजे मखर घरात आणि रोजची भांडी बाहेर! माउस हलेना, डिस्क मात्र बोंबलतेय, अशी अवस्था होते, आणि स्वॅप नाही म्हणून डिस्क शांत राहील ही आशा तिथंच संपते. शेवटी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारा कर्नलचा भाग, येऊन एखादा प्रोग्राम मारतो, तो बऱ्याचदा नेमका ब्राउझर असतो.

बंद ठेवण्याची खरी कारणंही आहेत. अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणाऱ्या क्युबरनेटीसचं क्युबलेट (प्रत्येक मशीनवर चालणारा त्याचा प्रोग्राम) स्वॅप चालू दिसला तर डिफॉल्टला सुरूच होत नाही. मेमरी कार्डवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांवर सतत लिहिणं टाळलेलं बरं. एसएसडी झिजेल ही भीती मात्र घरच्या वापरात उगाच वाढवलेली आहे.

हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून पीसी पूर्ण बंद करणं) वापरत असाल तर प्रश्नच मिटला, रॅममधला मजकूर स्वॅपमध्येच उतरतो. गुरुवारी लाइट जाणार हे पुण्यात ठरलेलं, यूपीएसवर पीसी हायबरनेट करणाऱ्यांनी रॅमएवढा स्वॅप ठेवावा. इतरांना २-४ जीबी पुरतो. रॅमच्या दुप्पट हा नियम रॅम एमबीत मोजायचो तेव्हाचा.

मधला मार्ग झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच कॉम्प्रेस केलेला स्वॅप, फेडोरा या लिनक्सनं ३३ व्या आवृत्तीपासून (२०२०) तोच डिफॉल्ट केला. स्वॅपीनेस, म्हणजे स्वॅपकडे किती झुकायचं हे सांगणारा कर्नलचा आकडा, डिफॉल्टला ६० असतो, तो कमी केला म्हणून स्वॅप बंद होत नाही, फक्त कर्नलचा कल बदलतो. आणि स्वॅपमध्ये ५०० एमबी दिसले म्हणून घाबरू नका, व्हीएमस्टॅट ही कमांड चालवून एसआय आणि एसओ (स्वॅपमधून परत येणारा आणि स्वॅपमध्ये जाणारा माल) हे कॉलम बघा, तिथं शून्याच्या आसपास आकडे असतील तर तो नुसता माळ्यावर पडलेला माल आहे.