संकेत, मॉड्युलेशन व गोंगाट (संदेशवहन)

माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवण्यासाठी वेळेबरोबर बदलणारी जी भौतिक राशी वापरतात (विद्युत् दाब, प्रवाह, प्रकाशाची तीव्रता इ.), तिला संकेत म्हणतात. संकेत दूरवर जावा म्हणून त्याच्या चढउतारांप्रमाणे उच्च कंप्रतेच्या (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी आंदोलने, एकक हर्ट्झ) वाहक तरंगात बदल करणे म्हणजे मॉड्युलेशन. वाटेत किंवा ग्राहकयंत्रातच संकेतात मिसळणारा, माहितीशी संबंध नसलेला भाग म्हणजे गोंगाट. या नोंदीतील उदाहरणे बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागातली आहेत. दोन राज्यांची मध्यम तरंग (मीडियम वेव्ह) रेडिओ केंद्रे, एफएम आणि छत्रीवरचा (डिश अँटेनाचा) टीव्ही हे सगळे इथल्या एकाच घरात नांदले, त्यामुळे तुलना सोपी जाते.

परिभाषा : जुन्या मराठी संदर्भग्रंथांत मॉड्युलेशनला ‘विरूपण’, फ्रीक्वेन्सीला ‘कंप्रता’ आणि अ‍ॅम्प्लिट्यूडला ‘परमप्रसर’ हे शब्द आहेत, शालेय पुस्तकांतून ‘वारंवारता’ व ‘आयाम’ आले. वाहक तरंगाचे रूप बदलते म्हणून ‘विरूपण’ तर्काला धरून आहे. अडचण वेगळीच आहे. डिस्टॉर्शन म्हणजे संकेताचे रूप बिघडणे, आणि त्यालाही विरूपणच म्हणावेसे वाटते. एक बदल मुद्दाम केलेला, दुसरा नको असलेला; दोहोंना एकच शब्द पडला की विद्यार्थी पहिल्याच धड्यात अडखळतो. मराठी माध्यमातून शिकून बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आलेल्या मुलांना आधीच परिभाषा बदलावी लागते, त्यात ही भर नको. म्हणून येथे मॉड्युलेशन हाच शब्द घेतला आहे. ‘कंप्रता’ मात्र आखूड आणि नेमका असल्याने ठेवला आहे.

‘गोंगाट’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे. तो कानाशी जोडलेला आहे, पण संदेशवहनातला गोंगाट ऐकूच यायला हवा असे नाही. बोलीने ही अडचण कधीच सोडवली आहे: रेडिओत आली की ती ‘खरखर’, जुन्या टीव्हीच्या पडद्यावर दिसली की त्या ‘मुंग्या’. खरखर आणि मुंग्या भौतिकदृष्ट्या एकच आहेत, एक कानाला कळते आणि दुसरी डोळ्याला.

सदृश व अंकीय संकेत : सदृश संकेताला दोन मूल्यांमधले कोणतेही मूल्य घेता येते, अंकीय संकेताला ठरावीक मूल्यांपैकीच एक घ्यावे लागते. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गळ्यातली मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या प्रत्येक जागेवरून जाते. पेटीवर हे होत नाही. एक पट्टी सुटते, दुसरी दाबली जाते, मधली जागा पेटीला नाहीच. पं. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली, त्या शहराला हे वेगळे सांगायला नको. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७०च्या सुमारास सैल झाली. मींड आणि श्रुती पेटीवर निघत नाहीत हा त्यामागचा एक मुख्य आक्षेप होता.

दृष्टांत इथेच थांबवून चालणार नाही. पट्टी दाबल्यावर निघणारा आवाज हा हवेतला सलग तरंगच असतो. मोजकेपणा स्वरांच्या निवडीत आहे, आवाजात नाही. अंकीय संदेशवहनातही हेच घडते. तारेतून किंवा हवेतून जाणारा तरंग नेहमीच सलग असतो. त्याच्या कोणत्या अवस्थांना अर्थ द्यायचा, एवढेच मोजके असते. ‘अंकीय तरंग’ असा वेगळा कोणताही तरंग नाही. ही समजूत पक्की झाली नाही तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

सदृश संकेताचे अंकीय रूप करताना ठरावीक अंतराने त्याचे नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना जवळच्या पायरीला बसवतात. टेलिफोनमध्ये सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक), म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट लागतात. पायरीला बसवताना राहून गेलेला फरक हाही एक गोंगाटच. नमुन्यामागे एक बिट वाढवला की हा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे शक्तीने सुमारे एकचतुर्थांश होतो. सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर मूळ संकेत पूर्णपणे परत मिळतो, या प्रमेयाचे श्रेय वादग्रस्त आहे. प्रचलित नाव नायक्विस्टचे आहे, पण त्याचा १९२८चा लेख उलट्या प्रश्नाचा होता: कंप्रतांच्या मर्यादित पट्ट्यातून सेकंदाला किती स्वतंत्र स्पंद पाठवता येतील? ई. टी. व्हिटेकरचे गणित १९१५चे, कोटेलनिकोव्हची संदेशवहनासाठीची मांडणी १९३३ची, तर शॅननची १९४९ची. संदेशवहनापुरता विचार केल्यास कोटेलनिकोव्हला अग्रमान देणे अधिक योग्य दिसते. अंकीय टेलिफोनची कल्पना साधारणपणे अ‍ॅलेक रीव्हज (१९३७) यांची मानतात. पॉल रेनी यांचे १९२६चे पेटंट त्याआधीचे असले तरी ते चित्रप्रेषणासाठी होते.

मॉड्युलेशन : बोलण्यातल्या ३ किलोहर्ट्झच्या कंप्रतेचा संकेत जसाच्या तसा हवेत सोडायचा, तर त्याची तरंगलांबी १०० किमी. येईल आणि पाव तरंगलांबीचा एरियल २५ किमी. उंच लागेल, म्हणजे जवळजवळ बेळगाव ते खानापूर एवढे अंतर उभे करून. शिवाय सगळ्यांचे बोलणे एकाच पट्ट्यात कोंबले जाईल. वाहक तरंग या दोन्ही अडचणी सोडवतो. धारवाड केंद्राच्या ७६५ किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ९८ मी. येते, आणि बेळगावच्या के.एल.ई. वेणुध्वनीच्या ९०.४ मेगाहर्ट्झला अवघी ८३ सेंमी.

निपाणी-चिकोडीकडे ट्रान्झिस्टरचा काटा १२५१वर नेला की सांगली लागायचे, ७६५वर आणला की धारवाड. दोन्ही आकड्यांना ९ने पूर्ण भाग जातो, हा योगायोग नाही. १९७५च्या जिनिव्हा योजनेने मध्यम तरंगावरील केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली. ती १९७८पासून अमलात आली. दोन केंद्रांमधली जागा एवढी अरुंद म्हणून मध्यम तरंगावर गाण्याचा वरच्या कंप्रतांचा भाग बोथट होतो.

परमप्रसर मॉड्युलेशनमध्ये (एएम) वाहकाची उंची संकेताप्रमाणे कमीजास्त होते. ग्राहकयंत्र साधे व स्वस्त होते, पण पूर्ण मॉड्युलेशनलाही दोनतृतीयांश शक्ती माहिती नसलेल्या वाहकातच जाते. याचा आरंभ कधी धरायचा? रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी २३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतील कॉब बेटावर सुमारे १.६ किमी. अंतरावर आवाज पोहोचवला. तो ठिणगीच्या यंत्रावरचा असल्याने त्यात प्रचंड खरखर होती. २४ डिसेंबर १९०६ रोजी ब्रँट रॉक येथून त्यांनी नाताळचा कार्यक्रम प्रसारित केला, ही हकीकत बहुतेक पुस्तकांत पहिले प्रसारण म्हणून येते. तिचा आधार मुख्यतः फेसेंडेन यांचे स्वतःचे १९३२ मधील पत्र आहे, समकालीन दुजोरा सापडलेला नाही. त्याच महिन्यातील २१ तारखेच्या प्रात्यक्षिकाचे वर्णन मात्र पुढच्याच महिन्यापासून नियतकालिकात आले. सावधपणे पाहता २१ तारखेवर भिस्त ठेवणे बरे.

कंप्रता मॉड्युलेशनमध्ये (एफएम) उंची तीच राहते आणि कंप्रता मागेपुढे होते. जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवले की याने पट्टा वाचत नाही. गणित बरोबर होते. पण त्यावरून पद्धतच टाकाऊ ठरली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी उलट वाट धरली. पट्टा वाचवण्याऐवजी मुद्दाम रुंद केला आणि त्याच्या मोबदल्यात गोंगाट खाली आणला (पेटंट १९३३, लेख १९३६). नभोवाणीत कंप्रता दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. १५ किलोहर्ट्झपर्यंतच्या ध्वनीसाठी कार्सनच्याच नियमाने सुमारे १८० किलोहर्ट्झ पट्टा लागतो. एएमच्या वीस केंद्रांची जागा एकट्याने घेणारी ही पद्धत आहे, आणि आवाज ऐकल्यावर ती उधळपट्टी वाटत नाही. एफएमचा आणखी एक गुण महामार्गावर कळतो. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे आली तर ग्राहकयंत्र प्रबळ केंद्राला धरते आणि दुसरे जवळजवळ पुसून टाकते. एएमवर अशा वेळी दोन्ही मिसळून शीळ ऐकू येते.

अंकीय मॉड्युलेशनमध्ये वाहकाची उंची, कंप्रता किंवा कला (आंदोलन कोणत्या टप्प्यावर आहे ते) मोजक्या अवस्थांतून बदलते. चार अवस्था असल्या तर एका वेळी २ बिट, ६४ असल्या तर ६, २५६ असल्या तर ८ बिट जातात. अवस्था वाढल्या की त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि थोड्या गोंगाटानेही एकीच्या जागी दुसरी ओळखली जाते.

गोंगाट : मध्यम तरंगावर मुख्य गोंगाट बाहेरून येतो. वळवाचा पाऊस अजून क्षितिजावर असतो आणि रेडिओ कडकडू लागतो. वीज चमकताना विस्तृत पट्ट्यात रेडिओ तरंग फेकते, ते एएम संकेताच्या उंचीत थेट मिळतात. वडगाव-शहापूरकडे यंत्रमाग सुरू असताना मोटर आणि स्विचच्या ठिणग्यांनी हेच होते. माग थांबला की गाणे स्वच्छ. एफएम ग्राहकयंत्र उंचीतले चढउतार छाटून टाकते, म्हणून त्याच घरात, त्याच वेळी एफएमवर हा त्रास फारसा जाणवत नाही. रात्री आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युत् भारित भागाचा) खालचा थर विरतो आणि लांबची केंद्रे परावर्तित होऊन येतात. ऐकणाऱ्याला तो फायदा वाटतो, पण जवळच्या केंद्राला तो व्यत्ययच.

दुसरा गोंगाट यंत्राच्या आत असतो आणि त्यातून सुटका नाही. रोधकातील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीने निर्माण होणारा गोंगाट जे. बी. जॉन्सन यांनी मोजला व नायक्विस्ट यांनी स्पष्ट केला (१९२८). नेहमीच्या तापमानाला तो दर हर्ट्झमागे सुमारे ४ × १०^–२१ वॉट असतो. पट्टा जेवढा रुंद, तेवढा तो जास्त आत येतो. निर्वात नळीतील इलेक्ट्रॉन सुटे सुटे येत असल्याने होणारा गोंगाट शॉटकी यांनी १९१८ मध्येच मांडला होता.

सदृश व अंकीय यांतला खरा फरक येथे कळतो. सदृश संकेत क्षीण झाल्यावर मधल्या केंद्रावर वर्धित केला, तर गोंगाटही वर्धित होतो आणि टप्प्याटप्प्याने साचत जातो. अंकीय संकेताच्या बाबतीत मधले केंद्र फक्त ‘शून्य की एक’ एवढाच निर्णय घेऊन नवा, स्वच्छ संकेत तयार करते. रीव्हज यांना याच कारणासाठी ही पद्धत सुचली. तिचा टेलिफोनमध्ये व्यापारी वापर ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२पासून सुरू झाला.

मात्र निर्णय चुकू लागले की घसरण एकदम होते. कणकुंबीकडच्या आषाढातल्या पावसात हे घरोघर दिसते. छत्रीवर येणारे तरंग जेमतेम अडीच सेंमी. लांबीचे, पावसाचे थेंब ते शोषतात व विखुरतात. सुरुवातीला चित्राला काहीच होत नाही, कारण चूक दुरुस्त करणारे बिट पुरेसे पडतात. मग चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि काही क्षणांत पडद्यावर ‘सिग्नल नाही’. जुन्या एरियलच्या टीव्हीवर अशा वेळी मुंग्या वाढत, पण बातम्या देणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत ओळखू येई.

गोंगाट असतानाही बिनचूक संदेशवहनाची कमाल मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये काढली. संकेताची शक्ती गोंगाटाच्या हजारपट असेल, तर ३,१०० हर्ट्झच्या टेलिफोन पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३१,००० बिटच जाऊ शकतात.

भ्रमणध्वनीत फोन आणि टॉवर गोंगाट पाहून मॉड्युलेशन सतत बदलत असतात. टॉवरजवळ ६४ किंवा २५६ अवस्था, दूर जंगलपट्ट्यात चार. कोगनोळीच्या पुढे कागलकडे जाताना फोन कर्नाटकचे दूरसंचार मंडळ (सेवेच्या परवान्याचे क्षेत्र) सोडून महाराष्ट्राच्या मंडळात जातो. तो बदल परवान्याचा आहे. तरंगांचा प्रकार व मॉड्युलेशनच्या पद्धती दोन्हीकडे त्याच असतात.