नाईट गार्ड म्हणजे घोरण्याची पट्टी नव्हे हो!

आधीच सांगून टाकते, मी घोरते. बायका घोरत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी पन्नाशीपुढच्या चार बायकांच्या नवऱ्यांना एकेकटं गाठून विचारावं. पाळी गेली की घोरणं वाढतं, बोलत कुणी नाही एवढंच. तर मी घोरते, त्यावर तोंडात पट्टी घालून झोपते, आणि हे नातेवाइकांत सगळ्यांना कळल्यापासून दर महिन्याला कुणीतरी सांगतंच, ‘तुझं ऐकून मी पण ती दातांची पट्टी आणली गं, काही उपयोग नाही.’ मी म्हणते फोटो पाठवा. फोटोत काय, तर वरच्या दातांवर बसणारी एकच पारदर्शक होडी. नाईट गार्ड! गेल्या आठवड्यात वन्संनी पाठवला तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहूनच काढायचं, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

नाईट गार्ड बहुतेकांना माहीत असतो. झोपेत दात खायची सवय असते (आमच्या लहानपणी यावर जंताचं औषध पाजायचे, त्या औषधाची चव अजून आठवते), त्यात दाढा झिजतात, फिलिंग तुटतं, सकाळी जबडा अवघडतो. म्हणून वरच्या किंवा खालच्या दातांवर एक प्लास्टिकचं आवरण चढवायचं, काय झिजायचं ते प्लास्टिक झिजेल. संपलं. हेल्मेटचं काम आहे ते. दातांसाठी आहे, घशासाठी नाही.

घोरण्याची पट्टी दिसते तशीच, डबीही तशीच, पण ती दातांसाठी नाहीच. दात तिला फक्त पकडायला हवे असतात. ती खालचा जबडा पुढे ओढून धरते, रात्रभर. दोन्हींतला फरक एवढाच आणि नेमका तोच कुणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून एक गंमत करून बघा. आत्ता, हे वाचता वाचता.

पलंगावर उताणे झोपा. तोंड किंचित उघडं ठेवा आणि मुद्दाम घोरल्याचा आवाज काढा, श्वास आत घेताना, खर्रर्र असा. जमला ना? आता खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका जबडा पुढे काढा, आपण रागावल्याचं नाटक करताना काढतो तसा, आणि पुन्हा तोच आवाज काढायचा प्रयत्न करा. बहुतेकांना जमतच नाही, आणि जमला तरी बारीक, ओढून ताणून येतो. का, तर जिभेचं मूळ हनुवटीच्या हाडाला आतून बांधलेलं असतं, जबडा पुढे आला की जीभ त्याच्यामागून फरफटत येते, घशाच्या बाजूच्या भिंतीही जरा ताणल्या जातात, आणि श्वासाला वाट मोकळी मिळते. घोरण्याचा आवाज नाकाचा नसतो मुळी. झोपेत सगळं सैल पडलेलं असतं, मऊ टाळू, पडजीभ, जिभेची मागची बाजू, आणि अरुंद फटीतून हवा जाताना ते सगळं फडफडतं. भूल देणारे डॉक्टर बेशुद्ध पेशंटचा जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे उचलतात ते याचसाठी. आपली पट्टी म्हणजे तेच डॉक्टरांचे दोन हात, फक्त प्लास्टिकचे आणि सकाळपर्यंत न दमणारे.

आता दुसरी गंमत. आरशासमोर जरा तिरके उभे राहा, हनुवटीला बोट लावा आणि तोंड हळूहळू उघडा. हनुवटी कुठे जाते? नुसती खाली नाही, खाली आणि मागे. जबड्याची बिजागरी कानाशी आहे, दुसरं काय होणार. म्हणजे नाईट गार्डची जी जाडी आहे तिने तोंड थोडं उघडं राहतं, आणि तोंड उघडं राहिलं की जबडा मागे झुकतो, जीभही घशाकडे. थोडक्यात घोरणाऱ्या माणसाला नुसता नाईट गार्ड देणं म्हणजे वाट अडवल्यासारखंच होऊ शकतं. हे माझ्या मनचं नाही, कॅनडात झोपेत श्वास अडकणाऱ्या १० पेशंटवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता, नुसता वरचा गार्ड घालून झोपवल्यावर त्यातल्या निम्म्यांचं श्वास अडकणं वाढून दीडपटीहून जास्त झालं. दहाच माणसं, अभ्यास छोटा, मान्य. तुम्ही दात खाता म्हणून गार्ड घालत असाल तर उद्या तो फेकून देऊ नका, पण घोरतही असाल तर ते दातांच्या डॉक्टरांना सांगा, एवढंच म्हणणं आहे. मला स्वतःला पहिल्यांदा एका दवाखान्यात (नाव घेत नाही) ‘घोरण्यावर चालेल हे’ म्हणून चक्क गार्डच बनवून दिला होता. दोन महिने इमानेइतबारे घातला. नवरा बिचारा हॉलमध्ये झोपायला गेला.

मग हातातली वस्तू कुठली ते ओळखायचं कसं? खोक्यावर जाऊ नका, ऑनलाइन मिळणाऱ्या निम्म्या खोक्यांवर घोरणं आणि दात खाणं दोन्ही एका दमात छापलेलं असतं आणि याचा मला मनापासून संताप येतो. तोंडात घाला, आरशात बघा. ती फक्त एकाच जबड्यावर बसते? गार्ड. दोन्हींवर बसते, पण दात मिटल्यावर खालचे दात नेहमीच्याच जागी, वरच्यांच्या मागे? गार्डच, जाड गार्ड. खालचा जबडा पुढे आलाय आणि तुम्ही मागे न्यायला गेलात तर ती जाऊ देत नाही? ही घोरण्याची.

पुढे किती न्यायचा हा प्रश्न मात्र घरी सोडवायचा नाही. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे जातो त्याच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात करतात आणि मग अर्धा मिलिमीटर, एक मिलिमीटर असं सरकवत आणतात. माझी सध्याची पट्टी दोन तुकड्यांची आहे, बाजूला बारीक स्क्रू, सोबत टाचणीएवढी किल्ली. एका रविवारी उत्साहात मी एकदम बऱ्याच फेऱ्या दिल्या आणि सोमवारी सकाळी पोह्यातले शेंगदाणेसुद्धा चावता येईनात, इतके कानापाशी सांधे दुखले. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१५ मध्ये जी नियमावली काढली तिच्यातही तयार पट्टीपेक्षा मापाची, पुढेमागे करता येणारी, दातांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालची पट्टीच घ्या असं आहे. महाग पडते, हो. पण पाचशे रुपयांची पट्टी जबड्याला लावायची आणि मग सांध्याच्या दुखण्यावर पाच हजार घालवायचे यात शहाणपणा काय आहे मला सांगा.

बाकी किरकोळ. सुरुवातीला लाळ गळते, उशीला टॉवेल घाला. सकाळी पट्टी काढल्यावर थोडा वेळ दाढा एकमेकींवर बसत नाहीत, म्हणून चावायला एक छोटा ठोकळा देतात, तो चावत पेपर वाचायचा. वर्षानुवर्षं वापरली तर दातांची ठेवण जराशी बदलू शकते, तेव्हा तपासणी चुकवू नका. दात हलत असतील किंवा रात्री कवळी काढून ठेवत असाल तर पट्टी धरणार कशाला? त्यांच्यासाठी जीभ हलकी ओढून धरणारी रबरी बोंडी मिळते, ती मी एकदा घालून पाहिली आणि आरशात स्वतःला बघून इतकी हसले की निघूनच पडली.

आता कुशीचं. उताणं झोपलं की जीभ आपल्याच वजनाने मागे पडते, म्हणजे पट्टी जे जबडा ओढून करते तेच काम कुशीवर झोपणं फुकटात करतं. म्हणून पट्टी घ्यायच्या आधी घरच्यांना विचारा की मी कुशीवर असताना घोरते का. कुशीवर आवाज बंद होत असेल तर आधी तेच करून बघा की. झोपेत श्वास अडकणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांचा त्रास उताणं झोपल्यावर खूप वाढतो. डावी की उजवी यावर आमच्या घरात वाद होतात, सासूबाई वामकुक्षीचा दाखला देतात, पण डाव्या कुशीचं महत्त्व जळजळ, आंबट पाणी वर येणं यासाठी. घोरण्याला कुठलीही कूस चालते.

अडचण अशी की झोपेत माणूस उताणा होतोच. टीशर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घालायचा उपाय जुना आहे, १९८४ मध्ये एका बाईने नवऱ्यावर केलेला हा प्रयोग वैद्यकीय मासिकातही छापून आला होता. चालतो, पण टिकत नाही. पुढे काही वर्षांनी लोकांना विचारलं तेव्हा दहा टक्के लोकसुद्धा तो वापरत नव्हते. मी तीन आठवडे वापरला, खांदे दुखले, बॉल भाच्याला दिला. मला विचाराल तर पाठीशी लोड लावा, दिवाणावरचा गोल लोड असतो ना तोच. वळायला गेलं की अडतो, टोचत नाही.

आणि कृपा करून दोन उशा एकावर एक ठेवू नका! याच्यातही तोच घोळ, वरून सारखं दिसणाऱ्या दोन गोष्टी. नुसतं डोकं उंच केलं की हनुवटी छातीला टेकते, मान दुमडते, पाण्याचा पाइप वाकवल्यासारखी वाट आणखी बंद. उंच करायचं ते छातीपासून वर सगळं. त्यासाठी पलंगाच्या डोकीकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घाला, उतार एकसारखा येतो. थोड्याशा उतारानेसुद्धा काही जणांना फरक पडतो.

नाकाच्या चुंबकाच्या रिंगा, तोंडाला चिकटपट्टी, यावर मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

एका गोष्टीवर मात्र बोलावंच लागेल. घोरता घोरता मध्येच एकदम शांतता होते, मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास येतो, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते, सकाळी डोकं दुखतं, असं असेल तर पट्टीबिट्टी नंतर, आधी स्लीप स्टडी. तासाला किती वेळा श्वास अडकतो ते मोजतात, ५ च्या खाली ठीक, ३० च्या वर गंभीर, आणि गंभीर असेल तर पहिली निवड हवेच्या दाबाचं मशीन, पट्टी नाही. पट्टीने आवाज गेला म्हणून श्वास अडकणं गेलं असं नसतं. माझा आकडा १७ होता, पट्टी घालून पुन्हा स्टडी केली तेव्हा ६. ती दुसरी स्टडी लोक हमखास टाळतात, ‘आता घोरत नाही ना, मग कशाला.’ वन्संना मी आधी स्टडीलाच पाठवलंय, फोटोतली होडी डबीत ठेवायला सांगून.

पट्टी धुवायची साध्या पाण्याने, हेही सांगून ठेवते. मापाची करायच्या आधी मी महिनाभर ती गरम पाण्यात मऊ करून, जबडा पुढे काढून चावायची स्वस्तातली पट्टी वापरून पाहिली होती आणि ती चक्क लागू पडली होती, नवरा हॉलमधून परत आला होता. एका रात्री स्वच्छतेची हुक्की आली, चहाचं उरलेलं उकळतं पाणी पट्टीवर ओतलं, जरा निवल्यासारखी वाटली तशी तोंडात टाकली आणि झोपेच्या तंद्रीत दात नेहमीसारखे मिटून घेतले. ती तशीच घट्ट झाली. रात्री दीड वाजता नवऱ्याने हलवून उठवलं, ‘अगं, पट्टी घातली नाहीस का आज?’ घातली होती की. फक्त तिचा नाईट गार्ड झाला होता.