बिल अडकतं कुठं?

माल पोचून तीन आठवडे झाले की पुरवठादाराचा फोन येतो, ‘साहेब, आमच्या बिलाचं काय झालं?’ उत्तरं ठरलेली असतात. स्टोअरकडून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, आली नाही. क्वालिटीची सही राहिलीय. परचेसचे साहेब ऑडिटमध्ये आहेत. शेवटी मालक वैतागतात आणि ‘सगळं ऑटोमेट करून टाका’ असा हुकूम सुटतो. सॉफ्टवेअर येतं, बिलाचा फोटो वाचून आकडे भरणारी सोयही येते. फोन मात्र थांबत नाहीत.

असं का होतं, हे समजायला १९६१ सालचं गणित पुरेसं आहे. त्या वर्षी जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला: अडकून पडलेली कामं म्हणजे रोज येणारी कामं गुणिले प्रत्येक कामाला लागणारे दिवस. तुमच्याकडे रोज ६० बिलं येत असतील आणि कुठल्याही दिवशी साधारण ९०० बिलं पास व्हायची राहिलेली असतील, तर एका बिलाला सरासरी १५ दिवस लागतात. घड्याळ लावून कुणाच्या मागे उभं राहायची गरज नाही.

आता त्या १५ दिवसांत बिलाला खरोखर हात किती वेळ लागतो, ते पाहा. एन्ट्रीला दहा मिनिटं, ऑर्डरशी आणि मालासोबतच्या चलानाशी ताडून बघायला पंधरा, सह्यांना पाच. धरा अर्धा तास. उरलेला सगळा वेळ ते कुणाच्या तरी टेबलावर किंवा इनबॉक्समध्ये पडून असतं. फोटो वाचणाऱ्या यंत्रानं एन्ट्रीची दहा मिनिटं वाचवली, म्हणजे १५ दिवसांतली दहा मिनिटं वाचवली. एन्ट्रीवालाच तुंबलेला असेल तर गोष्ट निराळी, पण आधी ते तपासायला नको का?

तुंबण्याचंही गणित आहे. कामं अनियमित येत असतील, तर माणूस जितका जास्त भरलेला तितकी रांग वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. रांगांच्या सर्वांत सोप्या प्रारूपात, दहा मिनिटांचं काम करणाऱ्या माणसाचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर त्याच्याकडून कागद सुटायला सरासरी ५० मिनिटं लागतात. ९० टक्क्यांवर १०० मिनिटं, ९५ टक्क्यांवर २००. म्हणून ज्या साहेबांच्या सहीवाचून काहीच हलत नाही, त्यांना मोबाइलवर ‘मंजूर’चं बटण देऊन फारसं साधत नाही. त्यांच्याकडे जाणारी बिलंच कमी करावी लागतात.

हे फोर्डनं करून दाखवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात ५०० हून जास्त माणसं होती. संगणक आणून ती सुमारे ४०० वर आणावीत, असा बेत होता. मग त्यांनी माझ्दा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं. तिथे हेच काम पाच जण करत होते. माझ्दा लहान कंपनी होती हे खरं, पण तो फरक धरूनही फोर्डचा विभाग पाचपट मोठा ठरत होता. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ही हकीकत लिहिली, तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गांत ती सांगितली जाते.

फोर्डचे लोक ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल या तीन कागदांवरच्या १४ बाबी जुळवत बसायचे. बराच वेळ न जुळणाऱ्या कागदांत जायचा. नव्या पद्धतीत बिलच काढून टाकलं. ऑर्डर संगणकात. माल आला की तो उतरवून घेणारा माणूस ती तिथेच उघडतो. जुळला तर माल आत आणि पैशांचं काम आपोआप पुढे. नाही जुळला तर माल परत. जुळवायच्या बाबी उरल्या तीन: भागाचा क्रमांक, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा संकेतांक. जिथे ही पद्धत आली, तिथे मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे जीएसटीमुळे बिल काढून टाकता येणार नाही, पण गेटवर जुळवणी करायला कुणी अडवलेलं नाही.

नेमकी पायरी काढून टाकली, तरी उरलेल्या पायऱ्यांची गुंफण चुकू शकते. कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन शास्त्रज्ञानं १९६२ च्या प्रबंधात अशा गुंफणी मांडायची रीत दिली. पायऱ्यांच्या मधोमध घरं काढायची आणि काम कुठवर आलं ते दाखवणाऱ्या सोंगट्या त्यांतून पुढे सरकवायच्या. एखाद्या पायरीच्या आधीच्या सगळ्या घरांत सोंगटी आली, तरच ती पायरी घडते. समजा नियम असा केला: ५०,००० च्या आतल्या बिलाला मॅनेजरची सही नको. पण पुढची ‘पैसे द्या’ ही पायरी अजून स्टोअर आणि मॅनेजर दोघांच्याही होकाराची वाट बघते. लहान बिलं तिथे कायमची बसतात. स्क्रीनवर लाल काही दिसत नाही, ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच. उलट चूक झाली, दोन्ही होकार स्वतंत्रपणे पैसे सोडू लागले, तर एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात. संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकात याची कसोटी घालून दिली: सुरू झालेलं प्रत्येक काम संपू शकलं पाहिजे, संपताना मागे सोंगटी उरता कामा नये, आणि कधीच न घडणारी पायरी आराखड्यात नको. हे सॉफ्टवेअर घेण्याआधी कागदावर तपासता येतं.

त्या बसून राहिलेल्या बिलाची किंमतही मोजावी लागते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत चुकली, तर पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी तो खर्च आयकरात धरला जातो.

आणि मग अपवाद. ५०० किलो पत्र्याची ऑर्डर, काट्यावर भरलं ४९८.६. फरक ०.२८ टक्के, पत्रा तोलणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. संगणकाला मात्र ‘समान नाही’ एवढंच कळतं. किती फरक चालेल याची सूट ठेवलेली नसेल तर असा प्रत्येक लॉट माणसाकडे येतो, आणि दिवसभर असेच किरकोळ फरक पाहणारा माणूस आठवड्याभरात न वाचता ‘मंजूर’ दाबू लागतो. मग ४५० किलोवालाही त्याच ओघात निघून जातो. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या कामगारांबद्दल हेच दाखवलं होतं: सोपं काम यंत्राकडे गेलं की अवघड तेवढं माणसाकडे उरतं, आणि ते करायला लागणारा सराव सुटलेला असतो.

त्यामुळे पत्र्याला अर्धा टक्का, मोजून येणाऱ्या बेअरिंगला शून्य, अशी सूट वस्तूगणिक ठरवावी लागते, आणि ती स्टोअरवाल्याला विचारून. आयटीवाल्याला ती ठाऊक नसते. माणसाकडे आलेल्या प्रत्येक बिलाशेजारी कारण निवडायची सोयही हवी: वजन, दर, ऑर्डर क्रमांक चुकला, ऑर्डरच नव्हती. महिनाअखेरीस यादी काढली आणि निम्म्या ओळींत ‘ऑर्डरच नव्हती’ निघालं, तर बिल विभागात सुधारायचं फारसं काही नाही. कुणीतरी फोनवर माल मागवतोय.