अटल लॅब खेड्यात कुठे अडते : पार्श्वभूमी

शाळेत हाताने काही घडवायला शिकवावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम सगळ्यांना ठाऊक आहे, ती बाजूला ठेवू. शिरूर तालुक्यातल्या पाबळला 1983 मध्ये एका शास्त्रज्ञाने काम सुरू केले आणि त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती-पाण्याची तपासणी. केलेली वस्तू गावात कुणाच्या तरी उपयोगी पडावी, ही अट. 2002 च्या सुमारास परदेशी विद्यापीठाच्या मदतीने तिथे फॅब लॅबही (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा) आली, तीही जगातल्या अगदी पहिल्यांपैकी.

2016 मध्ये केंद्राची अटल टिंकरिंग लॅबची योजना आली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे किट. अनुदान 20 लाख रुपये : 10 लाख उभारणीला, 10 लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. आजवर सुमारे 10 हजार लॅब झाल्या. ‘टिंकरिंग’ला ‘खटपट’ हा छान शब्द होता, पण पाटीवर इंग्रजीच राहिले.

खेड्यातल्या शाळा अडल्या त्या जागेपाशी. सपाट भागातल्या शाळेकडे 1500 चौरस फूट बांधीव जागा हवी; डोंगराळ भागाला 1000. वीस बाय पंचवीसची वर्गखोली म्हणजे 500. म्हणजे तीन खोल्या रिकाम्या हव्यात. जिथे एका खोलीत दोन वर्ग बसतात, तिथल्या मुख्याध्यापकाने अर्ज वाचून बाजूला ठेवला तर त्याला उत्साह नाही म्हणून कसे चालेल? निकष बनवणाऱ्यांसमोर शहरातली शाळा होती, हे उघड आहे. शिवाय वीज आणि इंटरनेट स्थिर हवेत.

दुसरा गुंता ‘सरकारी शाळा’ या शब्दाचा. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत 50 हजार लॅब ‘सरकारी शाळांत’ उभारण्याची घोषणा झाली. अनेक राज्यांत खेड्यातले हायस्कूल सरकारीच असते, त्यामुळे तिथे अर्थ सरळ आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथी किंवा सातवीपर्यंत, फार तर आठवी. पुढचे हायस्कूल सहसा खासगी संस्थेचे : पगार सरकारचा, इमारत संस्थेची. 2016 च्या योजनेत अशा संस्थांना दार उघडे होते. नव्या घोषणेतला ‘सरकारी’ शब्दशः घेतला, तर लॅबचा खरा उपयोग होणारी नववी-दहावीची बहुतांश ग्रामीण मुले बाहेर राहतात, आणि जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत लॅब आली तरी ती वापरायला दोनच वर्ग.

त्याच अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याचेही जाहीर झाले. शब्द तिथेही ‘सरकारी’च.