कोन्याच्या सूफी सहलींमागचा इतिहास

डिसेंबर जवळ आला की इस्तंबूल, कापादोकिया आणि कोन्या अशा मार्गाच्या 'आध्यात्मिक' समूहसहली निघतात. सकाळी ध्यान, दुपारी एखादी सेल्जुक काळातली सराई नाहीतर मशीद, संध्याकाळी गिरक्यांचा सराव, आणि शेवटी 17 डिसेंबरला कोन्यात सूफी कवी मौलाना रूमींच्या पुण्यतिथीचा मोठा सेमा, म्हणजे सूफी दर्वेशांचा गिरक्या घेण्याचा विधी. कोन्याचा हा उरूसच म्हणायचा. तेराव्या शतकापासून सगळे असेच चालत आले असावे, असा सहलीला गेलेल्या माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात सेमाचा विधी जुना असला तरी त्याच्याभोवतीची मांडणी बरीच अलीकडची आहे. मोठे सभागृह, तिकिटे, परदेशी पाहुण्यांना दिले जाणारे शिक्षण, स्त्री-पुरुषांनी एका वर्तुळात फिरणे, हे सगळे 1925 नंतर घडत गेले. त्यामुळे सुरुवात रूमींपासून न करता त्या वर्षापासून केलेली बरी.

तुर्की प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते. फेब्रुवारी 1925 मध्ये पूर्वेकडच्या कुर्दी भागात नक्शबंदी या सूफी पंथाच्या एका शेखने उठाव केला. तो काही महिन्यांत मोडला गेला, पण मठ म्हणजे बंडाचा अड्डा ही खूणगाठ अंकाराने बांधली ती बांधलीच. नोव्हेंबरच्या 25 तारखेला फेज टोपीऐवजी हॅट घालायला लावणारा टोपीचा कायदा झाला आणि 30 तारखेला कायदा क्रमांक 677. दर्वेशांचे सगळे तेक्के, म्हणजे मठ, बंद. दर्ग्यांना कुलपे. शेख, दर्वेश, मुरीद, चेलेबी या पदव्या आणि त्यांचे पोशाख बेकायदा. शिक्षा किमान तीन महिने कैद आणि किमान 50 लिरा दंड. या पदव्यांच्याच रांगेत कायद्याने भविष्य सांगणारे, जादूटोणा करणारे आणि गंडेदोरे देणारेही बसवले आहेत. कायदा करणाऱ्यांच्या लेखी या मंडळींची पायरी कोणती होती, ते त्या एका यादीवरून कळते.

मेव्हलेवींचा, म्हणजे रूमींच्या पंथाचा, यात दोष काय होता? उठाव त्यांनी केला नव्हता. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्वयंसेवकांचे पथक उभे करून सीरियाच्या आघाडीवर पाठवले होते. 1920 मध्ये अंकारात भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या उपाध्यक्षपदी कोन्याच्या गादीचा प्रमुखच होता. ओस्मानी दरबाराशी त्यांचे जुने सख्य होते हे खरे, पण नव्या राजवटीशीही त्यांनी वैर धरलेले नव्हते. कायद्याने मात्र पंथापंथांत भेद केला नाही. यावर आजही दोन तट आहेत. एका बाजूच्या मते प्रजासत्ताक टिकवायचे तर सरसकट बंदीला पर्याय नव्हता, निवड करत बसलो असतो तर प्रत्येक पंथ अपवाद मागत आला असता. दुसरी बाजू म्हणते, संगीत, सुलेखन आणि काव्य यांची सहा शतकांची शाळा एका दुपारच्या मतदानात बंद झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण या सहलींच्या दृष्टीने बंदीपेक्षाही बंदीनंतरचा एक छोटा निर्णय जास्त महत्त्वाचा ठरला.

कोन्याची मुख्य वास्तू पाडली नाही, तिचे गोदामही केले नाही. 1927 मध्ये ती संग्रहालय म्हणून उघडली. दर्वेशांची उंच नमद्याची टोपी, पांढरा घेरदार झगा, नेय (बोरूची बासरी), हस्तलिखिते, सगळे काचेच्या कपाटांत मांडले गेले. जे अंगावर चढवणे गुन्हा होते, ते उघडपणे पाहायला मात्र हरकत नव्हती. रूमींची कबर त्याच इमारतीत असल्याने माणसे संग्रहालय पाहायला म्हणून जात आणि कबरीपाशी हात पसरून उभी राहत. पहारेकऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्नच होता. पंथाची गादी दरम्यान सीरियातल्या, फ्रेंचांच्या ताब्यातल्या हलबला (अलेप्पोला) हलली आणि पुढे तिथेही संपली. तुर्कस्तानात सेमा बंद दारांआड घरांत होत राहिला. संगीत जरा सुखरूप राहिले, कारण नेय वाजवायला बंदी नव्हती.

मग 1950 आले. मे महिन्यातल्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि जूनमध्ये तोवर तुर्कीत द्यावी लागणारी अजान पुन्हा अरबीत सुरू झाली, म्हणून सगळी सूट नव्या सरकारच्या खात्यावर टाकण्याची सवय आहे. ती तितकी बरोबर नाही. 'थोर तुर्क पुरुषांच्या' कबरी उघडण्याचा कायदा जुन्याच पक्षाने त्या वर्षी मार्चमध्ये, निवडणुकीआधी केला होता. पण 677 कोणीच रद्द केला नाही. तो आजही लागू आहे. 1982 च्या राज्यघटनेच्या 174 व्या कलमाने त्याला संरक्षणही दिले आहे. म्हणजे कोन्याचा डिसेंबर सोहळा दरवर्षी ज्या देशात थाटात पार पडतो, तिथे मेव्हलेवी पंथाला पंथ म्हणून कायदेशीर अस्तित्व नाही.

ही कसरत जमली कशी, याचे उत्तर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कोन्यात सापडते. रूमी हा एक महान कवी, त्याच्या स्मृतिदिनी व्याख्याने, काव्यवाचन, संगीत आणि सोबत सेमाचे 'प्रात्यक्षिक' अशी परवानगी निघाली. अट एकच, हे उपासना म्हणून करायचे नाही. जागाही मठाची नव्हती. सुरुवातीला चित्रपटगृहासारखी जागा, पुढे कितीतरी वर्षे बंदिस्त क्रीडागृह. बास्केटबॉलच्या मैदानाभोवतीच्या बाकांवर प्रेक्षक आणि मधोमध दर्वेश. आपल्याकडे वारीवर बंदी घालून पाव शतकाने ती स्टेडियममध्ये 'संतकवींचा स्मृतिदिन' म्हणून भरवावी, तसा हा प्रकार होता. तरी फिरणारे फिरले. त्यांच्यातले काही मठ बंद होण्यापूर्वी तिथेच शिकलेले म्हातारे होते. पाय फिरत असताना मनात जप चालू आहे की नाही, हे तपासण्याची सोय कुठल्याच सरकारकडे नसते.

या तडजोडीवर टीका करणे सोपे आहे आणि ती भरपूर होते: विधीचा खेळ केला, भक्ताचा नट केला. मला ती अर्धीच पटते. एक तर तडजोड झाली नसती तर ते म्हातारे गेल्यावर शिकवणारे कोणी उरले नसते. दुसरे, प्रेक्षक ही सरकारची निर्मिती नव्हे. इस्तंबूलच्या गलाता भागातला मठ 1491 चा. तिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवासी सर्रास सेमा पाहायला जात आणि घरी परतून 'गरगर फिरणाऱ्या दर्वेशां'ची वर्णने छापत. पाहुण्यांना बसायला वेगळी जागा असे. फरक इतकाच की तेव्हा पाहणारा मठात येत होता. 1950 नंतर दर्वेशाला पाहणाऱ्याच्या सोयीच्या जागी जावे लागले.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. रूमी 1273 मध्ये गेले. पंथाची घडी त्यांच्या मुलाने, सुलतान वलदने बसवली आणि सेमाचा आजचा आराखडा साधारण पंधराव्या शतकात पक्का झाला: आधी पैगंबरस्तुती, मग नेयचे एकल वादन, मैदानाला तीन प्रदक्षिणा, काळा अंगरखा उतरवणे, चार टप्प्यांत गिरक्या. उजवा तळवा वर, डावा खाली. डावा पाय खांबासारखा रोवलेला, उजवा चाक फिरवणारा, आणि गती घड्याळाच्या काट्यांच्या उलट. शिकणारा लाकडी फळीवर ठोकलेली खुंटी डाव्या पायाच्या बोटांत धरून सराव करी. पण त्याआधी त्याने मठाच्या मुदपाकखान्यात 1001 दिवसांची सेवा करायची असे. भांडी, झाडलोट, बाजारहाट, आणि त्यातून वेळ काढून संगीत व फारसी. आजच्या सहलीतला सराव काही तासांचा असतो. घेरी येऊ नये म्हणून नजर कुठे ठेवायची एवढे त्यात जमले तरी पुष्कळ झाले.

आता दुसरा धागा. ज्याला हात वर करून स्वतः फिरायचे आहे, त्या प्रवाशाचा उगम कोन्यात नाही. कोन्याच्या मंचावर पाहुण्याला कधी बोलावत नाहीत.

रशियन क्रांतीतून पळालेल्या माणसांबरोबर कॉकेशसकडचा एक गुरू 1920 मध्ये इस्तंबूलला पोहोचला आणि तिथल्या मेव्हलेवी मठात त्याने सेमा पाहिला. आपल्या कवायतवजा 'पवित्र नृत्यां'चे प्रयोग त्याने 1923 च्या शेवटी पॅरिसमध्ये आणि लगेच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये केले. नृत्याकडे लक्ष एकवटण्याची साधना म्हणून पाहण्याची पाश्चात्य सवय बरीचशी तिथून लागली.

त्याहून आपल्याला जवळचा धागा बडोद्याचा आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये तिथे गायनशाळा निघाली. ती काढणाऱ्या गवयाचा नातू, स्वतः उत्तम वीणावादक, 1910 मध्ये जहाजाने अमेरिकेला गेला आणि मैफली करता करता सूफी विचार सांगू लागला. तो चिश्ती परंपरेतला होता, मेव्हलेवी नव्हे. 1923 मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोत भेटलेल्या एका तरुणाने पुढे, आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत, 1960 चे दशक सरताना, हिप्पी पोरांना हातात हात धरून वर्तुळात नाचायला शिकवले. तोंडी वेगवेगळ्या धर्मांतले मंत्र आणि देवाची नावे, पायांत साधी पावले. मुख्य नियम असा की प्रेक्षक नको. जो आला तो नाचेल. आजच्या सहलींत संध्याकाळी हॉटेलच्या दालनात सगळे गोल करून उभे राहतात त्याचे मूळ इथे आहे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते 'प्राचीन' म्हणून आले तरी पन्नास-साठ वर्षांपलीकडे ते जात नाही.

1972 मध्ये कोन्याच्या मंडळींचा अमेरिकेत दौरा झाला आणि या दोन प्रवाहांची गाठ पडली. त्याच दशकाच्या शेवटी कोन्याच्या एका शेखचा मुलगा अमेरिकेत राहायला गेला आणि त्याने स्त्री-पुरुषांना एकत्र सेमा शिकवायला सुरुवात केली. इकडे पुण्यात कोरेगाव पार्कच्या आश्रमात 1974 पासून देशोदेशीची माणसे जमू लागली होती. तिथल्या ध्यानपद्धतींत सूफी गिरकी होती, तसेच त्या कॉकेशसच्या गुरूची नृत्येही शिकवली जात. तिथली गिरकी मेव्हलेवी विधीपेक्षा बरीच मोकळी: पोट रिकामे ठेवायचे, अनवाणी फिरायचे, डावीकडून त्रास झाला तर उजवीकडून, आणि शरीर आपोआप कोसळले की पालथे पडून राहायचे. कोन्याचा दर्वेश कोसळत नाही. तो हात खांद्यांवर घेऊन, झुकून थांबतो. सहलीच्या सरावात कुठल्या घराण्याची गिरकी शिकवतात हे ओळखायचे असेल तर शेवट पाहावा.

स्त्रियांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जुन्या चरित्रग्रंथांत रूमींच्या काळातल्या स्त्रियांच्या मैफलींचे उल्लेख आहेत, त्यामुळे 'परंपरेत नाही' हे उत्तर टिकत नाही. तरी कोन्याच्या सरकारी मंचावर पुरुषच फिरतात. इस्तंबूलमधला एक गट स्त्री-पुरुषांना एकत्र, तेही रंगीत झग्यांत फिरवतो. जुन्या वळणाचे लोक त्यावर नाक मुरडतात.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. सरकारी पगारावरचे सूफी संगीताचे पथक कोन्यात 1990 च्या सुमारास उभे राहिले. 2004 मध्ये मोठे सांस्कृतिक केंद्र झाले आणि क्रीडागृह सुटले. 2005 मध्ये युनेस्कोने सेमाला मानवतेचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून घोषित केले, 2008 मध्ये तो नव्या यादीत गेला. त्या नोंदीत पर्यटकांसाठी सेमा आखूड आणि सोपा केला जातो, हेही युनेस्कोने लिहून ठेवले आहे. 2008 मध्येच सेमाचे गांभीर्य राखावे, तो अनुचित ठिकाणी करू नये, अशा आशयाचे परिपत्रक तिथल्या सांस्कृतिक खात्याने काढले. गंमत अशी की ज्या विधीला उपासना म्हणायला कायदा तयार नाही, त्याचे पावित्र्य राखायचा आदेश सरकारच देते. परिपत्रकाने फार फरक पडला नाही. इस्तंबूलच्या जुन्या हमामखान्यात आणि कापादोकियातल्या 1249 च्या सराईत तासाभराचे प्रयोग होत राहिले. द्रुतगती रेल्वेने 2011 मध्ये अंकारा आणि 2014 मध्ये इस्तंबूल कोन्याला जोडले, तेव्हा मुक्काम न करता सेमा पाहून परतणाऱ्यांची सोय झाली. डिसेंबरचा सोहळा आता 7 ते 17 असा चालतो.

भारतातून जाणाऱ्या सहलींना मे 2025 मध्ये खीळ बसली. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर अनेक भारतीय पर्यटन कंपन्यांनी तिथली पॅकेजेस विकणे थांबवले. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला तोही त्याच आठवड्यांत. 2024 मध्ये तुर्कस्तानला गेलेले भारतीय सुमारे 3 लाख 30 हजार होते, तर त्या देशाचे एकूण पाहुणे 6 कोटींच्या वर. त्यामुळे कोन्याच्या सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या राहण्याचा प्रश्न नव्हता. अडचण झाली ती आधीच पैसे भरून बसलेल्या इथल्या छोट्या गटांची.