नियम परत बदललेत, यायच्या आधी एवढं वाचून घ्या (ही सूचना कोरोनाकाळातली आहे, यातले सरकारी नियम आता लागू नाहीत)

नमस्कार मंडळी, आमच्या रेस्टॉरंट-बारच्या दाराच्या काचेवरचा कोरोनाच्या नियमांचा कागद इतक्यांदा बदललाय की चिकटपट्टीचे डाग आता घासूनही निघत नाहीत. कधी अर्ध्या खुर्च्या, मग फक्त पार्सल, मग परत अर्ध्या. फोनवर तेच प्रश्न येतात आणि बरेच जण चिडूनच विचारतात, म्हणून हे लिहितोय.

नियम आम्ही बनवत नाही. पेशंटचे आकडे आणि हॉस्पिटलमधले रिकामे बेड बघून प्रशासन ठरवतं, कधीकधी ऑर्डर रात्री निघते आणि सकाळपासून लागू, आम्हालाही तेव्हाच कळतं. पन्नास टक्के म्हणजे चाळीस खुर्च्या असतील तर वीसच माणसं, त्यामुळे "ते मागचं टेबल रिकामं दिसतंय की" असं वेटरला म्हणू नका, ते रिकामंच ठेवायचंय.

सुरुवातीला सगळा जोर पुसापुशीवर होता, आम्ही मेनूकार्डसुद्धा सॅनिटायझरने पुसून पुसून खराब केली. नंतर कळलं की खरी भानगड हवेची आहे, कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो. जानेवारी 2020 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटमध्ये शेजारच्या तीन टेबलांवरचे 10 जण बाधित निघाले, एसीची हवा त्या तीन टेबलांवरूनच फिरत होती आणि बाहेरची ताजी हवा जवळपास येतच नव्हती. म्हणून एसी चालू असला तरी आमच्या खिडक्या उघड्या असतात, गरम होतंय म्हणून प्लीज बंद करू नका. काउंटरजवळच्या छोट्या मीटरवर कार्बन डायऑक्साइड दिसतो, बाहेरच्या हवेत तो साधारण 400 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 400 भाग) असतो, आत 800 च्या वर गेला की आम्ही दारही उघडतो. व्हायरस त्यात दिसत नाही हां, लोकांनी सोडलेला श्वास किती साठलाय तेवढं कळतं.

बारला नियम जास्त कडक का? खाता-पिताना मास्क निघतोच, त्यात बारमध्ये लोक तासन्‌तास बसतात, दोन पेगनंतर आवाज चढतो, गाणी मोठी असली की अजूनच, आणि जोरात बोललं की तोंडातून बारीक कण जास्त उडतात. म्हणून सध्या गाणी हळू आणि काउंटरला उभं राहून पिणं बंद.

दारात ताप बघतो, पण ताप नसतानाही लागण असू शकते, तेव्हा घसा जरी खवखवत असेल तरी घरीच थांबा. निघायच्या आधी एक फोन करा. नियम बदलल्यामुळे बुकिंग रद्द झालं तर ॲडव्हान्स पूर्ण परत मिळेल, एक रुपयाही कापणार नाही.